घरचे चित्रगृह आणि शेजारची भिंत

सुरत शहराच्या दक्षिणेस, उधना आणि पांडेसरा या उद्योगवस्त्यांच्या शेजारी बमरोली आहे. एके काळचे हे गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले असून विणकामाच्या कारखान्यांनी गजबजून गेले आहे. उधना स्थानकातून तापी खोऱ्याच्या वाटेने जळगावकडे जाणारा लोहमार्ग निघतो. त्याच मार्गाने जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेस येत राहिली आणि या दक्षिण भागात त्यांनी आपले संसार थाटले. बाप मागावर उभा राहिला. मुलगा मुकादम झाला, हिशेबनीस झाला, कोणी स्वतःचे चार माग टाकले. हळूहळू घरावर माडी चढली आणि माडीवर एखादी खोली मोकळी राहिली.

अशा खोलीत अलीकडे एक नवी हौस प्रवेश करू लागली आहे. समोरच्या भिंतीवर मोठा पांढरा पडदा, छताला टांगलेला प्रोजेक्टर आणि चहूबाजूंना ध्वनिक्षेपक, म्हणजेच व्यवहारातील स्पीकर. घरच्या घरी चित्रगृह! हौस वाईट नाही. दिवसभर खपलेल्या माणसाने रात्री आपल्या मुलाबाळांसमवेत चांगला चित्रपट पाहावा, यात गैर ते काय? परंतु ही खोली सजविण्यास निघालेला गृहस्थ बाजारात गेला की त्याच्यापुढे पहिला आकडा येतो तो वॅटचा, आणि दुसरा स्पीकरांच्या संख्येचा. जितके वॅट अधिक तितका आवाज मोठा, आणि जितका आवाज मोठा तितका आनंद मोठा, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब सर्वत्रच चुकीचा आहे. परंतु जेथे मागांचा खडखडाट हवेचाच एक भाग होऊन बसला आहे, त्या बमरोलीत तो विशेष महागात पडणारा आहे.

चांगला आवाज शांततेतून निर्माण होतो, ही गोष्ट बोलपटाच्या जन्मापासूनच सिद्ध झालेली आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट झळकला. त्याचे निर्माते अर्देशीर इराणी यांचा स्टुडिओ लोहमार्गालगत होता. दिवसा आगगाड्यांचा आवाज ध्वनिग्रहणात शिरे. तेव्हा चित्रपटाचा बराच भाग त्यांना रात्री १ ते ४ या वेळात, गाड्यांची वर्दळ थांबल्यावर, टिपून घ्यावा लागला. यंत्रे परदेशातून आणता आली. शांतता मात्र रात्र जागून मिळवावी लागली.

त्यापूर्वीची एक हकीकत अमेरिकेतील आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कोणासच कळेनात. बोललेला शब्द त्या रिकाम्या दालनात सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. तोवर वक्त्याचे पुढचे वाक्य येऊन त्यावर आदळे. दोष शोधण्याचे काम वॉलेस सॅबीन या तरुण प्राध्यापकाकडे आले. शेजारच्या नाट्यगृहातील बैठकांच्या गाद्या उसन्या आणून, एक ऑर्गनची नळी आणि एक कालमापक घेऊन, त्याने रात्रीच्या निःशब्द वेळी प्रयोग आरंभिले. गाद्या जसजशा वाढत तसतसे घुमणे कमी होई. त्यातून त्याला जे सूत्र गवसले ते आजही जगभर वापरले जाते. खोलीचे आकारमान आणि तिच्यातील ध्वनी शोषणाऱ्या पृष्ठभागाचे क्षेत्र, या दोहोंच्या गुणोत्तरावर निनादाचा काळ ठरतो, हा त्या सूत्राचा आशय होय.

हे सूत्र बमरोलीच्या माडीवर लावून पाहावे. समजा, खोली १८ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. तिचे आकारमान २,१६० घनफूट भरते. भिंती, छत आणि जमीन मिळून सुमारे १,०३० चौरस फूट पृष्ठभाग होतो. भिंतींना गुळगुळीत गिलावा आणि खाली चकचकीत लाद्या असल्या तर हा सारा पृष्ठभाग मिळून जेमतेम ३० चौरस फुटांइतकाच ध्वनी शोषतो. बाकीचा परत फेकतो. अशा रिकाम्या खोलीत टाळी वाजविली तर ती तीन सेकंदांहून अधिक काळ घुमेल. चित्रपटातील संवाद स्वच्छ कळावयाचे तर हा काळ अर्ध्या सेकंदाच्या आत आणावा लागतो. ०.४ सेकंदाचे उद्दिष्ट ठेवले तर सुमारे २६५ चौरस फूट पूर्ण शोषक पृष्ठभाग हवा, म्हणजे खोलीच्या एकंदर पृष्ठभागाचा एक चतुर्थांश. हे काम केल्याविना कितीही मोलाचे स्पीकर आणले तरी ते बोलतील एक आणि ऐकू येईल दुसरेच.

या कामी सुरतेच्या माणसाला परमुलखात जाण्याचे कारण नाही. कापड ही त्याच्या घरची विद्या आहे. तथापि सर्व कापड सारखे नसते. ओठांशी धरून फुंकर मारली असता ज्यातून वारा सहज पलीकडे जातो, त्या कापडातून ध्वनीही बहुतांशी पलीकडे जातो. साडीचे तलम कापड भिंतीवर ताणून बसविले तर शोभा येईल, पण निनाद जागचा हलणार नाही. त्याच कापडामागे दोन ते चार इंच जाडीचे खनिज लोकरीचे तक्ते बसविले तर मात्र ध्वनी कापडातून आत शिरतो आणि लोकरीच्या तंतूंत जिरतो. जाड, वजनदार आणि भरपूर चुण्या असलेला पडदा, जमिनीवर सतरंजीऐवजी जाड गालिचा, पाठीमागच्या भिंतीशी पुस्तकांनी भरलेले कपाट, बसण्यास कापसाच्या गाद्या-लोड, या साऱ्या वस्तू उपयोगी पडतात. त्यातही आधी महत्त्व द्यावे ते बाजूच्या भिंतींवरील एका विशिष्ट जागेला. एकाने बैठकीवर बसावे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा. आरशात जेथे पुढचा स्पीकर दिसेल तेथूनच ध्वनीचे पहिले प्रतिबिंब कानावर येते. शोषक तक्ता आधी तेथे बसवावा.

निनादानंतर दुसरा शत्रू बाहेरचा आवाज. त्याचा मार्ग बहुधा भिंतीतून नसतो, फटीतून असतो. २१ चौरस फुटांच्या दाराखाली अर्ध्या इंचाची फट राहिली, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही लहान असते. परंतु तेवढ्याने ते दार, मग ते शिसवीचे का असेना, सुमारे २२ डेसिबेलपेक्षा अधिक आवाज अडवू शकत नाही. तीच फट रबराच्या पट्टीने घट्ट मिटविली तर त्याच दाराचे काम कितीतरी सुधारते. खिडकीला दुहेरी काच, चौकटीच्या कडांना पट्ट्या, विजेच्या नळ्यांची भोके बुजविणे, ही कामे दिसावयास क्षुल्लक आहेत. परंतु त्यांचा मोबदला मोठा आहे. अर्थात खोली इतकी बंद केल्यावर माणसांना मोकळी हवा मिळण्याची तजवीज करणे क्रमप्राप्तच होय.

हा मोबदला किती मोठा, ते कळण्यासाठी डेसिबेलचे गणित थोडे समजून घ्यावे. डेसिबेल हे साध्या बेरजेचे माप नव्हे. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबेलने वाढतो आणि १० डेसिबेल वाढविण्यास शक्ती दसपट लागते. कानाला मात्र तेवढ्याने आवाज सुमारे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅटचे यंत्र घेतल्याने आनंद दुप्पट होत नाही. फरक कळला तर जेमतेम कळतो. उलट, दारावर आणि खिडकीवर बाहेरचा आवाज १० डेसिबेलने कमी केला, तर तोच संवाद दशांश शक्तीत तितकाच स्पष्ट ऐकू येतो. सुताराने केलेली ही बचत कोणत्याही दुकानातील वॅटच्या आकड्याने भरून निघणारी नाही.

आता पडदा आणि बैठक. शंभर इंची म्हणून विकला जाणारा रुंद पडदा कर्णाने १०० इंच असतो. त्याची रुंदी सुमारे ८७ इंच आणि उंची ४९ इंच भरते. त्यापासून १० ते १३ फुटांच्या अंतरावर बसले असता चित्र डोळ्यांत भरते आणि मानही वळवावी लागत नाही. १८ फुटांच्या खोलीत बैठक १२ फुटांवर ठेवावी. ती पाठीमागच्या भिंतीला चिकटवू नये, कारण भिंतीशी खर्जाचे स्वर विनाकारण फुगतात; आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही ठेवू नये, कारण तेथे काही खर्ज स्वर जवळजवळ नाहीसे होतात.

स्पीकरांच्या मांडणीत सर्वांत अधिक मानाचे स्थान मधल्याला द्यावे. चित्रपटातील बहुतेक सारा संवाद त्याच्यातून येतो. मोठ्या चित्रगृहांत हा स्पीकर पडद्याच्या मागे असतो. पडद्याला बारीक छिद्रे असतात आणि शब्द पात्राच्या मुखातूनच निघाल्याचा भास होतो. घरासाठी सूक्ष्म छिद्रांचे, तसेच खास विणीचे ध्वनिपार पडदे मिळतात. त्यात थोडा प्रकाश आणि थोडे तीव्र स्वर खर्ची पडतात, पण संवाद आपल्या जागी येतो. साधा पडदा असेल तर मधला स्पीकर पडद्याच्या लगत खाली ठेवावा आणि त्याचे तोंड बसणाऱ्यांच्या कानांकडे किंचित वर वळवावे. येथे आपल्याकडील रीत ध्यानात घेणे अवश्य आहे. परदेशी पुस्तिकांतील मापे खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी असतात. खुर्चीवर कान जमिनीपासून सुमारे साडेतीन फुटांवर येतो. गादीवर मांडी घालून बसणाऱ्या कुटुंबात तोच कान अडीच फुटांच्या आसपास असतो. पुस्तिका पाहून स्पीकर टांगले तर आवाज डोक्यावरून निघून जातो.

डावा आणि उजवा स्पीकर बैठकीपासून पाहता मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना २२ ते ३० अंशांवर असावेत. १२ फूट रुंदीच्या आपल्या नमुन्याच्या खोलीत दोहोंमध्ये १० फूट अंतर ठेवले की हे साधते. पुढचे तिन्ही स्पीकर एकाच घडणीचे असावेत, अन्यथा पडद्यावरून चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज वाटेतच बदलतो. सभोवतालच्या आवाजासाठी असलेले दोन स्पीकर बैठकीच्या बाजूंना, किंचित मागे, सुमारे ११० अंशांवर आणि कानांहून एक-दोन फूट उंच असले म्हणजे पुरे. २०१२ पासून छतावरूनही आवाज देण्याची एक पद्धत चित्रगृहांत आली आणि पुढे ती घरांतही पोहोचली. परंतु पाच स्पीकर नीट मांडलेली खोली, अकरा स्पीकर जसे जमेल तसे टांगलेल्या खोलीपेक्षा केव्हाही सरस होय.

ॲम्प्लिफायरची निवड आता सोपी होते. समजा, स्पीकर असा आहे की, एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर तो ८७ डेसिबेल आवाज देतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने घटतो. त्या हिशेबाने १२ फुटांवर एका वॅटचे सुमारे ७६ डेसिबेल उरतात. भिंतींच्या परताव्याने त्यात थोडी भर पडते, ती वेगळी. म्हणजे घरगुती संभाषणाच्या पातळीवरील संवादाला एका वॅटचा दहावा हिस्साही पुरतो! क्षणमात्र येणारे ९५ डेसिबेलचे स्फोट ऐकावयाचे म्हटले तर सुमारे ८५ वॅट लागतील. आणि चित्रगृहाच्या बरोबरीने १०५ डेसिबेल हवे म्हटले तर साडेआठशे. शेवटच्या त्या दहा डेसिबेलांसाठी सारा खर्च, सारी उष्णता आणि सारा शेजारधर्म पणास लागतो. तेव्हा त्या आकड्याच्या मागे न लागणे हेच शहाणपण. मात्र यंत्र अगदी तोकडेही असू नये. लहान ॲम्प्लिफायर ताकदीबाहेर ओढला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. आवाज कर्कश होतो आणि तीव्र स्वरांचा नाजूक स्पीकर जळून जातो. ८ ओहमच्या दोन स्पीकरांची एकाच जोडणीवर समांतर गाठ घालू नये. तो भार ४ ओहमचा होतो आणि यंत्रावर दुप्पट प्रवाहाचा ताण पडतो.

तारांविषयी बाजारात पुष्कळ दंतकथा आहेत. विजेच्या साध्या कामातील तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची तार १० मीटर अंतरापर्यंत ८ ओहमच्या स्पीकरास पुरेशी असते. ४ ओहमचा असेल तर अडीचची घ्यावी. सोन्याचा मुलामा नसला तरी चालेल, पण अधिक आणि उणे ही टोके उलटसुलट होता कामा नयेत. दोहोंपैकी एका स्पीकरची टोके उलट जोडली गेली तर एकाचा पडदा पुढे सरकतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. खर्ज हरवतो आणि आवाजाला मध्य उरत नाही. खर्जाच्या स्पीकरला दीड व्होल्टच्या घटाचा निमिषमात्र स्पर्श केला असता पडदा पुढे उसळला तर जोडणी बरोबर आहे असे समजावे. स्पीकरच्या तारा विजेच्या तारांपासून दूर न्याव्यात. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडाव्यात. प्रोजेक्टरकडे जाणाऱ्या तारेसाठी गिलावा होण्यापूर्वीच भिंतीत ऐसपैस नळी घालून ठेवावी. सर्व यंत्रे एकाच ठिकाणच्या, एकाच भूसंपर्काच्या जोडणीवर असावीत. निरनिराळ्या ठिकाणी जोडली म्हणजे घुंईऽऽ असा न थांबणारा आवाज स्पीकरांतून येऊ लागतो. तो घालविण्यासाठी तीन पायांच्या खुंटीतील भूसंपर्काचा पाय तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. ती तार आवाजासाठी नसून जीव वाचविण्यासाठी असते.

मागांच्या वस्तीत हवेतून उडणारे बारीक तंतू हा आणखी एक प्रश्न आहे. ते प्रोजेक्टरच्या गाळणीत आणि ॲम्प्लिफायरच्या झरोक्यांत साचतात; आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि यंत्र अकाली निकामी होते. यंत्राच्या वर निदान सहा इंच जागा मोकळी ठेवावी आणि गाळणी महिन्यातून एकदा तरी साफ करावी. जोडणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक स्पीकरचे बैठकीपासूनचे अंतर फीत धरून मोजावे आणि यंत्रात नोंदवावे, कारण ध्वनी एक फूट चालण्यास एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जवळपास वेळ घेतो आणि जो आवाज कानी आधी पोहोचतो त्याच्याच दिशेस मन धावते. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली हे सप्रमाण दाखविले. चित्राची जुळवाजुळव करण्यात प्रोजेक्टरलाही थोडा वेळ लागतो; म्हणून ओठ हलण्याआधी शब्द ऐकू येत असेल तर ध्वनीला तितकाच विलंब द्यावा. निसर्गात वीज आधी दिसते आणि गडगडाट मागाहून येतो. त्यामुळे मागे राहिलेला आवाज माणूस खपवून घेतो, पुढे धावणारा मात्र त्याला खटकतो.

सर्वांत अवघड पाहुणा म्हणजे खर्ज. नमुन्याच्या खोलीत लांबीच्या दिशेने सेकंदाला सुमारे ३१, रुंदीच्या दिशेने ४७ आणि उंचीच्या दिशेने ५६ कंपनांचे स्वर भिंतींमध्ये अडकून उभे राहतात. कोठे ते गरजतात, कोठे मुके होतात. ४७ कंपनांची लहर २४ फूट लांब असते. तिला चार इंचांचा तक्ता शोषू शकत नाही. उपाय एकच, खर्जाच्या स्पीकरची, म्हणजे सबवूफरची, योग्य जागा शोधणे. त्याची एक गमतीची परंतु खात्रीची रीत आहे. सबवूफर तात्पुरता बैठकीच्या जागी ठेवावा, खर्जाचे संगीत लावावे आणि घरातील कोणी तरी भिंतीलगत रांगत जावे. ज्या जागी खर्ज भरीव, सारखा आणि न गुरगुरता ऐकू येईल, तेथे सबवूफर कायमचा ठेवावा. सुमारे ८० कंपनांच्या खालील स्वर कोठून येतात हे कानाला सहसा उमगत नाही. त्यामुळे तो कोपऱ्यात असला तरी बिघडत नाही.

परंतु खर्जाचा खरा प्रश्न खोलीच्या आत नसून खोलीच्या पलीकडे आहे. विटांची भिंत मनुष्याचा आवाज बऱ्यापैकी अडविते. खर्ज मात्र तिला फारसा जुमानत नाही, आणि फरशीतून तर तो मागाच्या धक्क्यासारखाच शेजारच्या घरात उतरतो. सबवूफरखाली जाड रबराची बैठक घातल्याने फरशीची थरथर काहीशी कमी होते. हवेतून जाणारा खर्ज तरीही जातच राहतो. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबेलहून अधिक होता कामा नये, असाही दंडक आहे. पण ज्या मापकाने हे मोजतात तो माणसाच्या कानाप्रमाणे खर्जाला फारच कमी लेखतो. सेकंदाला ४० कंपनांच्या स्वराला तो सुमारे ३५ डेसिबेलची सूट देतो. म्हणजे कायद्याच्या कसोटीस उतरलेली खोलीसुद्धा शेजाऱ्याची खाट हलवीत असू शकते.

आणि बमरोलीत शेजारी कोण? येथील माग दिवसपाळी आणि रातपाळी असे बारा-बारा तास चालतात. रातपाळी करून सकाळी परतलेला कामगार दुपारी झोपलेला असतो. कायद्याची रात्र दहाला सुरू होते. त्याची रात्र सूर्य वर आल्यावर सुरू होते. रविवारी दुपारी दोन वाजता लावलेला युद्धपट कोणत्याही नियमाचा भंग करीत नाही, पण एका माणसाची झोप मात्र नक्की मोडतो. आणि अर्धवट झोपेत रात्री मागावर उभा राहणाऱ्याच्या बोटांचे मोल कोणत्याही तिकिटात मोजता येत नाही.

घराच्या आतही असाच एक माणूस असतो. आयुष्यभर मागावर राबलेल्या वडिलांचे कान ९०–१०० डेसिबेलच्या खडखडाटात झिजलेले असतात. ही झीज आधी सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपासच्या तीव्र स्वरांत होते आणि स, श, फ, थ यांसारखी व्यंजने नेमकी तीव्र स्वरांवरच अवलंबून असतात. म्हाताऱ्याला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही; म्हणून तो ‘मोठे कर’ म्हणतो. मोठे केल्याने स्फोट आणि ढोल मोठे होतात, शब्द तेथेच राहतो. त्याच्यासाठी मधला स्पीकर तेवढा दोन-तीन डेसिबेलने चढवावा, खर्ज उतरवावा, निनाद आटोक्यात आणावा आणि पडद्यावर अक्षरे उमटण्याची सोय असेल तर ती निःसंकोच वापरावी. आणि जो मुलगा आज मागावर आहे त्याने स्वतःचा हिशेब निराळा ठेवावा. कानाला ८५ डेसिबेल आठ तास सोसतात. दर ३ डेसिबेलच्या वाढीस हा अवधी निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबेलला तो एका तासावर येतो. पाळी संपते तेव्हा त्याच्या कानांचा त्या दिवसाचा शिधा केव्हाच सरलेला असतो. रात्रीचा चित्रपट त्याने हळू आवाजातच पाहावा.

खोली तयार झाल्यावर शेवटचे काम कारागिराचे नाही, घरधन्याचे आहे. मोठ्या आवाजाचा एखादा प्रसंग लावून त्याने स्वतः शेजारच्या घरी जावे, भिंतीशी उभे राहावे, शेजाऱ्याला त्याच्या पाळीच्या वेळा विचाराव्यात आणि दोघांना मान्य होईल तेथे आवाजाच्या चकतीवर रंगाची एक रेघ ओढावी; एक दिवसाची, एक रातपाळीवाल्याच्या झोपेची. त्या दुसऱ्या रेघेवर खर्ज बंद ठेवण्याची शिस्त घरातील मुलांना लावावी. ज्या खोलीत निनाद आवरलेला आहे, फटी मिटविलेल्या आहेत आणि शब्द पडद्यामधून येतो, तेथे त्या खालच्या रेघेवरही चित्रपट संपूर्ण ऐकू येतो. आवाज वाढविण्याची सोय प्रत्येक यंत्रात असते. तो न वाढविता सारे काही ऐकू यावे, एवढ्यासाठीच या साऱ्या मांडणीचा खटाटोप करावयाचा असतो.